थांबणार का, ते सांगा

सरांच्या शोकसभेत एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की सरांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही प्रश्नांचं उत्तर काढायची रीतच नसते, आणि ती नसते हे पक्कं सिद्ध करता येतं, ही एकच गोष्ट सरांनी उभा जन्म घसा कोरडा करून सांगितली. त्यांच्या फोटोला हार घालून हे असलं बोलायचं? शेजारी शाळेतल्या जुन्या बाई बसल्या होत्या, त्यांना मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, चांगलंच बोलतायत ना." पुढे आणखी दोघे बोलले. एकाने त्यांना गणिताचे गाढे अभ्यासक केलं, दुसऱ्याने ऋषितुल्य. हेच दोघे महाडच्या बाजारपेठेत त्यांना 'खडूवाला येडा' म्हणायचे, मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मी लेखक नाही. एका सरकारी कार्यालयात खिडकीवर बसणारा कारकून आहे. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, आतून सगळी सारखीच असतात. पण त्या सभेत कोणी खरं बोललं नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि खरं सांगायचं तर मलाही सरांचा राग होता. थोडा अजूनही आहे.

सर आम्हाला अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात खडू, कायम. पावसाळ्यात खडूला प्लास्टिकची पिशवी, स्वतःला छत्री नाही. सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेकडे चढायला लागलं की लोक टीव्ही, धान्याचे डबे, गाद्या माळ्यावर टाकतात. सर त्यांच्या भाड्याच्या खोलीत आधी खडूची पेटी वर टाकायचे. एकदा असंच पाणी चढलं असताना घरमालकीण जिन्यात येऊन म्हणाली, "सर, तुम्ही एवढे शिकलेले. पाणी कधी उतरंल?" सर म्हणाले, "माहीत नाही." ती बिचारी धीराचे दोन शब्द मागत होती. तिने ते उत्तर सगळ्या आळीत सांगितलं आणि सरांचं नाव माणूसघाणा म्हणून झालं. सरांना त्याचं काही नव्हतं. 'होईल', 'बघू' आणि 'चालू आहे' या तीन शब्दांना त्यांच्या वर्गात बंदी होती. एक तर कधी ते सांगायचं, नाही तर माहीत नाही म्हणायचं.

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी केलेलं भांडण सगळ्या महाडला माहीत होतं. पाचाडची गाडी कधी येईल, असं त्यांनी विचारलं. आतला म्हणाला, "येईल." सर म्हणाले, "कधी?" तो म्हणाला, "येईल हो, बसा." सर म्हणाले, "कधी ते राहू दे. येणार आहे की नाही, एवढं तरी ठाम सांगता येईल का?" आतल्याने खिडकी लावून घेतली. सर सरळ चालायला लागले आणि नाते गावापर्यंत चालत गेले. तिथे मागून गाडी आली. कंडक्टरने हात बाहेर काढून विचारलं, "मास्तर, येताय?" सर चढले आणि बसल्यावर त्याला म्हणाले, की आता उत्तर मिळालं, पण ते चौकशीच्या खिडकीने दिलेलं नाही.

आता त्या व्हरांड्याबद्दल सांगतो, कारण माझा राग तिथून सुरू होतो.

अकरावीच्या पहिल्याच महिन्यात सरांनी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात खडूने चौकोनी घरं आखली, एकापुढे एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, मला एक यंत्र पाहिजे. सगळ्यांनी हात वर केले. त्यांनी मला निवडलं आणि सगळ्यांसमोर कारण सांगितलं, "याला शंका येत नाहीत." पोरं हसली. मला ते वाक्य आजपर्यंत टोचतं. मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर दोनच ओळी होत्या. घर रिकामं असेल तर त्यात ठिपका काढ आणि एक घर पुढे जा. घरात ठिपका असेल तर थांब.

मी निघालो. ठिपका काढायचा, पुढे जायचं. सगळी घरं रिकामीच होती. शेवटी भिंत आली. मी वळून सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "भिंतीबद्दल चिठ्ठीत काही लिहिलंय?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पायऱ्यांवरून घरं आखायला सुरुवात केली, पुढे मैदानावर काठीने रेघा ओढल्या. मी आपला ठिपके काढत चाललोय, मागे सगळा वर्ग, हेडमास्तर खिडकीतून बघतायत. फाटकापाशी पोचलो आणि तास संपल्याची घंटा झाली. मी थांबलो.

"का थांबलास? ठिपका दिसला?"

"नाही सर. घंटा झाली."

"घंटा चिठ्ठीत नव्हती. म्हणजे तू थांबलास. नियम थांबलेला नाही, तो अजून चालू आहे. हा फरक वहीत लिहून घ्या."

हेडमास्तरांनी त्यांना बोलावून विचारलं, की हे अभ्यासक्रमात कुठे आहे. सर म्हणाले, नाही म्हणूनच शिकवावं लागतं. तेव्हापासून त्यांच्या विक्षिप्तपणाची फाइल उघडली ती बंद झाली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हा प्रत्येकाला चिठ्ठी लिहून आणायला सांगितली. कोणाची दोन घरांत थांबली, कोणाची थांबतच नव्हती, एका मुलीची तर तीन दिवस मधल्या सुट्टीत चालवून बघितली तरी कळेना. तेव्हा सरांनी विचारलं, की चालवून न बघता, नुसती चिठ्ठी वाचून सांगता येईल का? कुठलीही चिठ्ठी असो, ती पाळणारा कधीतरी थांबेल की जन्मभर चालत राहील, हे सांगणारी एकच पक्की रीत काढता येईल का? आम्ही म्हटलं, हुशार माणूस काढेल की. सर टेबलावर बसले. असं बसले की समजायचं, आता हा माणूस देवळात गेला.

"समजा, एक ज्योतिषी आहे. कुठलीही चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवा, थांबेल की नाही ते तो अचूक सांगतो. कधीच चुकत नाही. आता मी एक चिठ्ठी लिहितो. ज्योतिष्याकडे जा आणि याच चिठ्ठीबद्दल विचार. तो म्हणाला थांबेल, तर चालत राहा. तो म्हणाला चालत राहील, तर तिथेच थांब. सांगा, ज्योतिषी काय बोलेल?"

आम्ही दोन्ही उत्तरं लावून बघितली. काहीही बोलला तरी तो खोटाच पडत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "मग तो कच्चा ज्योतिषी सर."

"नाही रे! कितीही पक्का आणा. असा ज्योतिषी असूच शकत नाही. उद्या कितीही मोठं यंत्र येऊ दे, हे काम सगळ्या चिठ्ठ्यांसाठी ते करू शकणार नाही. आज नाही, आणि कधीच नाही." त्यांचा आवाज कापत होता. माणसाला काय कळणार नाही हेसुद्धा माणसाला पक्कं कळू शकतं, याचं त्यांना केवढं कौतुक! एका पोराचा काका बाजारात पत्रिका बघायचा. तो दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला आला. सरांनी त्याला चहा पाजला आणि तोच पुरावा पुन्हा सगळा सांगितला. तो जाताना जास्तच चिडलेला होता.

मग सरांनी कामांच्या दोन जाती केल्या, यंत्राजोगी आणि माणसाजोगी. मी विचारलं होतं, की सर, सगळ्या चिठ्ठ्यांचं माणसाला तरी कुठे सांगता येतं? ते एकदम खूश झाले. म्हणाले, नाहीच येत. माणूस फक्त एक करू शकतो. समोरची एक चिठ्ठी हातात घ्यायची, चष्मा पुसायचा आणि बघायचं. मग पुढची. आणि मध्येच कुठेतरी थांबून विचारायचं, की अरे, हे चाललंय काय? एवढं ज्याने केलं नाही, तो पगारी यंत्र. त्या दिवशी सरांनी माझी पाठ थोपटली. तसं त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

मी पुढे परीक्षा देऊन कारकून झालो. सर निवृत्त झाले, महाडलाच राहिले. रस्त्यात दिसले की विचारायचे, "काय, थांबतं का तुमच्याकडे काही?" मी हसून पुढे जायचो.

मग आजींचं प्रकरण आलं. या आजी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा मुंबईत नोकरीला. सरांचं मूळ घर त्यांच्या पलीकडच्या वाडीत, त्यामुळे जुनी ओळख. वाडीमागच्या डोंगराला भेगा पडल्या तेव्हा आमच्या कार्यालयाची जीप वाडीखालच्या रस्त्यावर आली आणि भोंग्यावरून सांगितलं, ताबडतोब घरं सोडा, खाली रस्त्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये चला. आजींनी ऐकलं. पातेली, गोधडी आणि कोंबड्या घेऊन त्या तासाभरात खाली आल्या. त्यांच्यासारखी आणखी काही घरं आली. बाकीच्यांनी भोंग्याला दाद दिली नाही, ती वरच राहिली. लेखी आदेश त्या दिवशी कोणी काढलाच नाही.

दोन दिवसांनी पाहणीचे लोक वाडीत गेले. जे घरात सापडले त्यांची 'राहतात' अशी नोंद झाली. त्यांना राहत्या घराचा दाखला मिळाला आणि सुरक्षित जागेवरची नवी घरंही मंजूर झाली. ज्यांनी सरकारचं ऐकलं, ती घरात नव्हती. त्यांना काहीच नाही. तेव्हा खिडकी नंबर एकवर मीच बसलो होतो आणि एकेकाला बिनदिक्कत परत पाठवत होतो.

आजी दाखला मागायला आल्या. मी म्हटलं, तुम्ही त्या घरात राहत नाही, दाखला मिळणार नाही. कार्यालयाने हलवलं असेल तर तसा आदेश खिडकी दोनवरून आणा. खिडकी दोनने सांगितलं, आदेश नव्या घरांच्या यादीतल्या लोकांनाच, आणि यादी खिडकी एकच्या दाखल्यावरून होते. आजी माझ्याकडे परत. मुलाने मुंबईहून ऑनलाइन अर्ज भरला, त्याच्या मोबाइलवर 'प्रक्रियेत आहे' असं यायला लागलं. ते दोन वर्षं येत राहिलं.

पुढे सर त्यांच्याबरोबर यायला लागले. रांगेत उभे राहायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. मी कागदात डोकं घालून बसायचो. एका सकाळी मात्र बाहेर गलका ऐकू आला. उठून पाहिलं तर कार्यालयाच्या व्हरांड्यात सरांनी खडूने दोन घरं आखली होती, एकात १, दुसऱ्यात २. हातात आमच्याच सूचनाफलकावरून उतरवलेली चिठ्ठी. ते वाचत होते आणि आजी चालत होत्या.

"एक. दाखला हाय?"

"नाय."

"मग दोनवर जा. आदेश हाय?"

"नाय ओ मास्तर."

"मग एकवर जा."

लोक जमले. कोणी मोबाइल काढले. हसू चाललं होतं, आणि हसणाऱ्यांत मी होतो. आमचे साहेब बाहेर आले. "काय तमाशा लावलाय?"

"तमाशा नाही साहेब, तुमचा नियम चालतोय. मी फक्त खडू आणला."

"प्रक्रिया चालू आहे. निकाल येईल."

"कधी?"

"ते सिस्टिम सांगेल."

"सिस्टिमला ते सांगता येत नसतं," सर म्हणाले. आवाज चढला होता. "सगळ्या नियमांचं तर जगात कोणालाच सांगता येणार नाही, त्याचा मी तुम्हाला पुरावा देतो. पण या दोन ओळींचं अकरावीतल्या पोरालासुद्धा सांगता येतं. तो बघा, दारात उभाय. माझा विद्यार्थी. विचारा त्याला." आणि ते माझ्याकडे वळले. "सांग रे, हे थांबणार का?"

सगळं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "सर, सिस्टिममध्ये पेंडिंग दाखवतंय."

आजी मधल्या रेघेवर मटकन खाली बसल्या. "मास्तर, माझं पाय दुकतात. मी थांबले. तुमचा काय चालायचा तो चालू दे." पुन्हा हशा झाला. सरांनी त्यांना हात दिला, उठवलं आणि दोघे निघून गेले. शिपायाने फरशी पुसली.

मी इतका चिडलो होतो की सांगता येत नाही. भर कार्यालयात माझा पाणउतारा! रविवारी गाडी काढली आणि वाडीकडे निघालो. कशासाठी, तर सरांना खोटं पाडायला. त्या घरात बाई कधी राहतच नसेल, घर केव्हाच पडीक असेल, असं काहीतरी सापडेल आणि मग बघतो, असा माझा विचार. खाली शेडमध्ये विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "आजी? ती चार रोज झाला वर गेली." पुढे चढ पायीच चढायचा होता. धापा टाकत वर पोचलो.

घराच्या मागच्या भिंतीला अशी भेग होती की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. परसातला फणस डोंगराकडून घराकडे कललेला. आणि आत चूल पेटलेली, आजी भाकरी थापतायत. मी ओरडलोच, "आजी, तुम्ही इथे काय करताय? हे घर कधीही खाली येईल!"

त्यांनी मला ओळखलं. शांतपणे म्हणाल्या, "तूच बोललास ना, त्या घरात ऱ्हात असशील तं दाखला देतो. मंग आले ऱ्हायला. आता ऱ्हाते ना? लिव."

माझ्या नियमातून बाहेर पडायची एकच वाट होती, आणि ती त्या बाईने शोधली होती. डोंगराखाली जाऊन बसायचं. आमच्या साहेबांना ती सुचली नव्हती, मला सुचली नव्हती, आणि त्या सिस्टिमला तर कधीच सुचली नसती. तुझं काही चुकलं का, असंही मला कोणी विचारलं नसतं. दाखला नियमात बसला असता. घर पडलं असतं तर तेही नियमात बसलं असतं. शिव्या द्याव्यात तर कोणाला द्याव्यात, मला कळेना. मी स्वतःला दिल्या, मोठ्याने. आजी म्हणाल्या, "असा काय बोलतोस रे, भाकरी खा."

भाकरी खाल्ली नाही. तिथेच उंबऱ्यावर बसून कागद काढला आणि लिहिलं, की अर्जदार या घरात राहत होती, कार्यालयाच्याच सांगण्यावरून खाली आली, त्या वेळी लेखी आदेश काढला गेला नाही, मी स्वतः जाऊन घर बघितलं आहे. सही केली, हुद्दा लिहिला. आजींना आणि कोंबड्यांना खाली आणलं. सोमवारी शिक्का मारून तो कागद खिडकी दोनवर ठेवला. तिथल्याने उलटसुलट बघितला आणि पुढे पाठवला, कारण त्याच्या ओळीत दाखला पाहिजे होता आणि दाखला समोर होता. आजींचं नाव यादीत चढलं.

त्यांचं काम दोन वर्षं प्रक्रियेत होतं. मला कारणे दाखवा नोटीस चार दिवसांत आली. सदर दाखला आपण कोणत्या नियमान्वये दिला, याचा खुलासा करावा.

मी सात पानी खुलासा लिहिला. परिपत्रकं शोधली, कलमं जोडली, शेवटी 'क्षमस्व' लिहिलं. आणि तो सरांना दाखवायला गेलो. का गेलो कोण जाणे, शाबासकी हवी असेल. सर खाटेवर पडून होते, प्रकृती उतरलेली. त्यांनी चष्मा पुसला आणि सातही पानं वाचली. शाबासकी वगैरे काही नाही. "उशीर केलास," म्हणाले. मग पेन मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून खोडत गेले. परिपत्रकं गेली, कलमं गेली, क्षमस्व तर दोनदा खोडलं. शेवटी एक ओळ राहिली. कोणत्याही नियमान्वये नाही, मी जाऊन बघितले. मी म्हटलं, "सर, याने माझी नोकरी जाईल." ते म्हणाले, "माहीत नाही." माझं डोकं फिरलं. म्हटलं, निदान आज तरी धीराचा शब्द बोला! ते म्हणाले, "खोटा बोलू?"

मी ती एक ओळ दिली. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. आजी नव्या घरात राहायला गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात सर गेले. मग ती शोकसभा, तो माइक आणि ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर.

सभेच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात आलो तर खिडकीसमोर त्या वाडीतली माणसं उभी. भोंग्याचं ऐकून आजींबरोबर खाली आलेली, दाखला नसलेली. एक म्हातारा पुढे झाला. "साहेब, आजीकडं गेलात तसं आमच्याकडंबी या की."

मी भडकलोच. म्हटलं, मी काय डोंगर चढायला बसलोय का? माझ्यावर चौकशी चालू आहे, कळतं का तुम्हाला? सगळ्यांसाठी एकदम काही करता येतं का ते साहेबांना विचारा, मला नका विचारू. ती माणसं जागची हलली नाहीत. आत साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. खिडकी दोनवाला माझ्याकडे बघत होता.

मी कोरे कागद उचलले, शिक्का खिशात घातला आणि बाहेर येऊन त्या म्हाताऱ्याला विचारलं, "सगळ्यात वरचं घर कोणाचं?"